सदस्य एक, स्वयंपाक पत्नी करते

आधीच सांगून टाकते... या पानावर भुताखेतांचे अनुभव लिहिणाऱ्यांना मी वर्षानुवर्षं हसत आले आहे. रविवारी सकाळी सुधीर, म्हणजे माझा नवरा, हे पान मोठ्याने वाचायचा आणि मी पोहे परतता परतता प्रत्येक भुताची उलटतपासणी घ्यायचे. पांढरी साडी होती म्हणे... धूळ नाही लागली का इतक्या वर्षांत? अमावास्येलाच दिसते म्हणे... बाकीचे दिवस काय रजेवर असते? सुधीर म्हणायचा, "तुझ्यासमोर यायची कुणा भुताची हिंमत नाही. आधी पुरावा मागशील, मग सही घेशील." आज त्याच पानासाठी मी लिहिते आहे आणि वाचून दाखवायला तो नाही. मागच्या उन्हाळ्यात गेला. दुपारी छातीत कळ आली म्हणाला, संध्याकाळपर्यंत संपलं सगळं.

मी अमरावतीत कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. माहेर बाळापूर, सासर अकोला. सुधीर नांदगाव पेठच्या एमआयडीसीत एका कापड कारखान्याच्या ऑफिसात होता. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. आमचं एक ठरलेलं होतं — जो आधी घरी येईल त्याने कुकर लावायचा. बहुतेक तोच आधी यायचा. दुसऱ्या मजल्यावर पोचले की मला वरणाच्या फोडणीचा वास यायचा. लसूण जरा जास्तच लाल करायची त्याची सवय होती. त्यावरून मी रोज बोलायचे आणि रोज दोनदा वरण घ्यायचे. तो गेल्यावर मी मेसचा डबा लावला. एकटीसाठी कुकर काय लावायचा?

आता मुद्द्याचं. कॉलेजच्या कामाबरोबर मी खेड्यातल्या घरांवर संशोधन करते. भिंती मातीच्या की विटांच्या, वर टिन आहे की स्लॅब, खोल्या किती, त्यात माणसं किती — असला सगळा हिशेब. गावोगाव सर्वे करणाऱ्या बाया घरी जाऊन मोबाइलवर माहिती भरतात आणि मी अमरावतीत बसून ती चाळते. या कामात एक नियम आहे, तो मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये घसा फोडून सांगते. कुटुंब म्हणजे नात्यातली माणसं नव्हेत, कुटुंब म्हणजे एका चुलीवरचं जेवणारी माणसं. चार भाऊ एका छपराखाली राहत असतील पण चुली चार असतील, तर कुटुंबं चार. आणि म्हातारा वेगळ्या घरात निजत असेल पण ताट पुतण्याकडून येत असेल, तर तो पुतण्याच्या कुटुंबातला. चूल नाही तर कुटुंब नाही. सोपा नियम आहे, त्यात भावनेला जागा नाही, म्हणून तो मला आवडायचा.

या हिवाळ्यात तेल्हाऱ्याच्या बाजूच्या एका गावातून एक नोंद आली. गावाचं नाव देत नाही, कारण आपल्या गावाचं असलं काही छापून आलेलं त्यांना आवडायचं नाही. नोंद अशी होती — सदस्य : एक, पुरुष, विधुर. स्वयंपाक : घरातच, चुलीवर, सरपण पऱ्हाट्यांचं. स्वयंपाक कोण करतं : पत्नी. संगणकाने अर्थातच लाल खूण केली. शिवाय याच म्हाताऱ्याला शेजारच्या पुतण्याने आपल्याही कुटुंबात लिहवलं होतं. म्हणजे माणूस एक आणि मोजला दोनदा.

मी चिडले. नोंद करणाऱ्या रेखाताईंना फोन लावला. रेखाताई आधी अंगणवाडीत होत्या, कामाला चोख.

"मॅडम, मी त्याइले फिरफिरून इचारलं," त्या म्हणाल्या. "थे हेच सांगून राह्यले. म्या लिवलं."

"अहो, विधुराची बायको स्वयंपाक कशी करेल?"

त्यांनी आवाज खाली आणला. मग म्हणाल्या, "तुमीच एकदा जाऊन पाहा ना मॅडम. मले नका पाठवू आता तिथं."

झालं. मनातल्या मनात मी त्यांच्या नावाने बोटं मोडली आणि पुढच्या शनिवारी एसटीत बसले. खरं सांगायचं तर घरी बसण्यापेक्षा ते बरं होतं.

हे गाव म्हणजे पुनर्वसन आहे. मूळ गाव पूर्णेच्या काठी होतं, पुराचं पाणी घरात शिरायचं, म्हणून ते उठवून वर माळावर आणलं. सरळ रेषेत आखलेले प्लॉट, एकसारखी घरं, मधून कडुनिंबाची झाडं. कापसाची वेचणी संपली होती, दारोदार पऱ्हाट्यांचे ढीग रचलेले होते. पऱ्हाट्या म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, आमच्याकडचं हक्काचं सरपण. त्यांच्या धुराला एक वेगळा, जरासा गोडसर वास असतो. वऱ्हाडातल्या माणसाला तो झोपेतही ओळखू येईल.

म्हाताऱ्यांना सगळं गाव आबाजी म्हणत होतं. माळ्याचं घर. गावाला लागून त्यांचा भाजीचा तुकडा होता, तिथे ते सांबार, म्हणजे कोथिंबीर, उपटून जुड्या बांधत बसले होते. मी ओळख सांगितली तसे ते उठून उभेच राहिले.

"लिवा बाई. माहं घर येगळं हाये. चूल येगळी हाये."

"आबाजी, पण जेवण तर तुमच्या पुतणसुनेकडून येतं ना?"

"डबा येते. मंदा लय चांगली पोरगी हाये. तिचं मन कायले मोडा म्हनून घेतो, रात्री खातो. दुपारचं मी घरचं जेवतो."

"घरचं कोण करतं?"

त्यांनी मुळांची माती झटकली. "बुढी."

मी फटकळ आहे, माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या तर वारल्या ना?"

"वारली. कोन म्हनते नाई वारली?" ते शांतपणे म्हणाले आणि पुन्हा जुडी बांधायला बसले.

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. गाव हलायचं ठरलं तेव्हा त्यांच्या बायकोने, गोकुळाबाईंनी, जुन्या गावातली माती घमेल्यात घालून डोक्यावरून नव्या घरी आणली होती. "म्हने, घर सरकारच्या नकाशाचं असू द्या, चूल माह्या गावच्या मातीची पाह्यजे. बसून थापली, लिपली, सुकाले ठेवली. कोनाले हात लावू देल्ला नाई. म्हने, पयला जाळ मीच घालीन. अन् चूल सुकाच्या आंदीच..." पुरात वाचलेली बाई साध्या तापाने गेली होती.

"आता गजानन म्हनते," गजानन म्हणजे पुतण्या, "आबाजी, एकटे काहून राह्यता, आमच्याकडं या, त्या घराले कुलूप लावू. तुमच्या मोबाइलात मी गजाननच्या घरचा झालो का माहं घर बंद झालं. मंग बुढी कुठं येईन, सांगा?"

मी समजावलं. हा सर्वे फक्त अभ्यासासाठी आहे, कुणाचं घर देत नाही, कुणाचं काढून घेत नाही. त्यांनी लहान लेकराचं ऐकावं तसं सगळं ऐकून घेतलं.

"जुन्या गावातबी असेच लिवनारे आल्ते बाई. चहा पाजला आमी त्याइले. मंग गाव उठलं."

मी हातातला मोबाइल पिशवीत टाकला.

दुपार झाली होती. ते म्हणाले, चला जेवायला. मीही निघाले. म्हटलं, आता एकदाचं डोळ्यांनी पाहू आणि नोंद दुरुस्त करून टाकू. गल्लीच्या वळणावरूनच त्यांच्या टिनाच्या फटीतून धूर निघताना दिसला. मला भीतीबिती काही वाटली नाही, उलट बरं वाटलं. चला, म्हणजे कुणीतरी स्वयंपाकाला येतं आणि म्हातारा ते लपवतो. पण दाराला बाहेरून कुलूप होतं. आबाजींनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली आणि माझ्यासमोर ते उघडलं.

आत मी आधी शिरले, तपासणारी बाई ना मी! पुढे एक खोली, मागे स्वयंपाकाची. मागे दार नाही. एक खिडकी, तिला गज आणि जाळी. कोपऱ्यात ती चूल होती, स्वच्छ लिपलेली. पऱ्हाट्यांची टोकं धगधगत होती. तवा खाली उतरवून ठेवलेला, आणि चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यासमोर एक भाकर टेकवून शेकायला ठेवलेली... फुगत होती. शेजारी ताटात अंबाडीची भाजी, वाफ येत असलेली. मी दारामागे पाहिलं, कोठीच्या मागे पाहिलं, वर पाहिलं. लपायला जागाच नव्हती. तेवढ्यात भाकरीच्या कडेला डाग पडायला लागला आणि हाताच्या सवयीने मी ती फिरवली. बोट पोळलं. स्वप्न नव्हतं हे सांगायला तेवढं पुरे आहे.

आबाजी हातपाय धुऊन आले, पाटावर बसले, आणि चुलीकडे तोंड करून अगदी सहज म्हणाले, "पाव्हनी हाये आज."

मग भाकर मोडून त्यांनी अर्धी मला दिली. मी खाली बसून ती खाल्ली. कित्येक महिन्यांत मी तव्यावरचं ताजं काही खाल्लेलं नव्हतं. दुसऱ्या घासाला मला रडू आलं, आणि ते आवरेना.

आबाजींनी पाण्याचा गिलास पुढे सरकवला. "मालक गेले वाटते तुमचे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"भाकर पाहून कोनी उगाच रडते का?"

मी विचारलं, "आबाजी, तुम्हाला दिसतात का हो त्या?"

त्यांनी भाकरीचा घास भाजीला लावला. "दिसाले काहून पाह्यजे? जिती होती तवा तरी मी कुठं पाह्यत बसलो होतो तिच्याकडं. मांगच्या खोलीतून भांड्याचा आवाज येये, समोर ताट येये. आताबी तसंच हाये. फक्त आता मले समजते का ताट आपसूक येत नाई."

बाहेर नळावर मंदा भेटली, तिला मी थेट विचारलं. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं. "दिसते ना आमाले धूर. साऱ्या गल्लीले दिसते. कोनी बोलत नाई. बोललं अन् बंद पडलं त मंग? म्हताऱ्याचं काय राह्यलं दुसरं?" म्हणाली, एकदा दया येऊन तिने स्वतः त्या चुलीत जाळ घालून पाहिला होता. नुसता धूर झाला, पेट घेतला नाही.

परत येऊन मी ती नोंद उघडली. आबाजींचं नाव पुतण्याच्या कुटुंबातून काढलं आणि त्यांचं कुटुंब वेगळं धरलं. सदस्य एक, चूल आहे, स्वयंपाक पत्नी करते. लाल खूण तशीच ठेवून नोंद मंजूर केली. माझ्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. सुधीरने मात्र टाळी मागितली असती.

होळीच्या सुमाराला गजाननचा फोन आला. आबाजींना अकोल्याला दवाखान्यात ठेवलंय, छातीत कफ भरलाय, काही खात नाहीत, आणि 'मोबाइलवाल्या बाईले बलाव' म्हणतात. मी गेले. खिडकीजवळच्या खाटेवर ते अगदी एवढेसे झाले होते. नाकाला नळी, हाताला सलाईन. मला पाहून त्यांनी माझं मनगट धरलं.

"घर बंद हाये बाई."

"असू द्या आबाजी. कुलूप त्यांना कधी आडवं आलं?"

"कुलपाचं नाई ओ. थे सैपाक करून बसली असन. मी जेवल्याबिगर ती जेवली नाई कधी. उपाशी असन इतके दिवस." त्यांचे डोळे भरून आले. "तुमी जा. पाव्हनी म्हनून ओयखते थे तुमाले. तिले सांगा मी इथं हाये, जेवून घे म्हना."

गजाननने किल्ली माझ्या हातात ठेवली. कॉलेजात शिकवणारी, आकडेवारी शिकवणारी बाई, मेलेल्या बाईला निरोप द्यायला एसटीने निघाली! वाटेत मला स्वतःची लाज वाटत होती आणि एसटी कधी पोचते असंही झालं होतं.

या वेळी धूर नव्हता. कुलूप उघडून आत गेले तर चूल थंड. राखसुद्धा गार. ताट पालथं घातलेलं. मी बराच वेळ त्या पाटावर बसून राहिले. मग मोठ्याने बोलले. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून कामाच्या सवयीने पूर्ण पत्ताच सांगितला — आबाजी अकोल्याला आहेत, मोठ्या दवाखान्यात, तळमजल्यावर, पुरुषांच्या वॉर्डात, खिडकीजवळची खाट. जेवून घ्या म्हणाले आहेत. माझाच आवाज टिनावर आपटून परत आला. मी कुलूप लावून निघाले. त्या रात्री अकोल्याला सासरी मुक्काम केला आणि वाटत राहिलं की आता आबाजींना सांगायचं काय. चूल थंड होती, हे कोणत्या तोंडाने सांगू?

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर दवाखान्यात पोचले, तर शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची बायको माझ्यावरच घसरली. "ओ बाई, तुमी त्याइच्या घरच्या का? दवाखान्यात चुलीवरची भाकर कोनी आनली हो? साऱ्या वार्डात पऱ्हाट्याचा वास सुटला होता. सिस्टर किती बोंबलली!"

मी गजाननकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक. "मी खाली औषधं आनाले गेल्तो मॅडम. मंदा त गावाकडं हाये. कोनीच नाई आनलं."

आबाजींच्या पांघरुणावर ज्वारीच्या भाकरीचा चुरा पडला होता. मी तो बोटाने उचलला, पोळल्याची खूण होती त्याच बोटाने. चुरा अजून कोमट होता. त्यांनी डोळे उघडले.

"जेवलो," ते म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "तीबी जेवली."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. मंदा सांगत होती की त्या चुलीला आता भेग गेली आहे. घराला कुलूप आहे, आणि मंजूर केलेली ती नोंद माझ्या डेटात आहे.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल, कारण मीही तेच म्हटलं असतं. दवाखान्याच्या फाटकाबाहेर भाकरीच्या गाड्या लागतात, कुणीतरी दिली असेल. गावातल्या त्या चुलीचंही काहीतरी उत्तर असेल. मी शोधलं, मला सापडलं नाही. ते सापडलं नाही म्हणून माझी झोप उडालेली नाही.

माझी झोप दुसऱ्याच गोष्टीने उडते. पत्ता सांगितला की येतात, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि सुधीरला तर पत्ता सांगायचीही गरज नाही. फ्लॅट त्यानेच शोधलेला, दारावरची पाटी त्यानेच ठोकलेली, किंचित तिरकी. मग तो का येत नाही? मी पुरावा मागेन म्हणून? नाही मागणार रे. काही म्हणजे काही विचारणार नाही.

मेसचा डबा मी बंद केला आहे. कॉलेजातून आले की जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबते आणि वास घेते. कुणाच्या तरी घरची फोडणी असते, लसूण कमी लाल झालेली. आमच्या दारापाशी काही नसतं. मग कुलूप उघडते, तांदूळ धुते, दोघांपुरते. जो आधी घरी येईल त्याने कुकर लावायचा, असं आमचं ठरलेलं आहे. हल्ली रोज मीच आधी येते.